इग्वानाची भूक पावडरच्या डबीत नसते

पाळलेला हिरवा इग्वाना खायचा थांबला की पाळणाऱ्याला सगळीकडून एकच सल्ला मिळतो. पानांवर कॅल्शियमची पावडर भुरभुरा, मल्टिव्हिटामिनचे थेंब तोंडात सोडा, भूक वाढवणारं एखादं टॉनिक आणा. दोन-चार दिवसांत खायला लागेल. पेट शॉपमधला विक्रेता हेच सांगतो, पाळणाऱ्यांच्या गप्पांतही हेच ऐकू येतं, आणि घरात लहान मुलासाठी आणलेली भुकेच्या सिरपची बाटलीसुद्धा कधी कधी याच कामी लावली जाते. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण सल्ला मुळातच चुकलेला आहे आणि त्याची किंमत तो मुका जीव मोजतो. म्हणून त्याचा मुद्देसूद प्रतिवाद व्हायला हवा.

आधी समोरच्यांचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. ते असं: रानात इग्वाना कितीतरी प्रकारची पानं, फुलं, फळं खातो. घरात त्याच्यापुढे रोज तीच काकडी आणि तीच कोबीची पानं येतात. अशा आहारात जीवनसत्त्वं आणि खनिजं कमी पडतात, कमतरतेमुळे भूक मंदावते आणि भूक मंदावल्याने कमतरता आणखी वाढते. हे चक्र तोडायचं तर पोषण बाहेरून द्यावं लागेल. ते मिळालं की भूक आपोआप परत येईल. शिवाय सप्लिमेंट म्हणजे काही औषध नव्हे. जास्त झालं तर शरीर बाहेर टाकेल. नुकसान कशाचंच नाही.

यातला काही भाग खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. घरात कोंडलेल्या सरड्यांमध्ये कॅल्शियमच्या कमतरतेचा आजार सर्रास दिसतो. जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय सुजल्यासारखे दिसतात, बोटं थरथरतात, कणा वाकतो. रक्तातलं कॅल्शियम फार घसरलं तर आतड्याची हालचालही मंदावते. अशा जनावराला कॅल्शियम मिळाल्यावर ते पुन्हा खायला लागतं, हे पशुवैद्यकांच्या रोजच्या अनुभवातलं आहे. आहाराला जोड म्हणून मोजून दिलेल्या कॅल्शियमला माझा विरोध नाही. न्यू कॅलेडोनियातल्या क्रेस्टेड गेकोसाठी तर पाण्यात कालवून द्यायचा भुकटीच्या रूपातला पूर्ण आहारच मिळतो. ते त्याचं जेवण असतं, भूक लावायचं साधन नसतं. माझा आक्षेप एका ठिकाणी आहे. ‘खात नाही’ या तक्रारीचं कारण न शोधता तिच्यावर पावडर मारणं, ही उपचाराची रीत नाही.

इग्वानाची भूक येते कुठून, हे आधी समजून घेतलं पाहिजे. मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या उष्ण प्रदेशात झाडांवर राहणारा हा प्राणी जन्मभर शाकाहारी असतो. त्याचं स्वतःचं शरीर उष्णता निर्माण करून टिकवत नाही. ती तो उन्हातून घेतो. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी १९४४ मध्ये वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही गोष्ट शास्त्राला नीट ठाऊक आहे: सरडे ऊन-सावलीत जागा बदलत आपल्या शरीराचं तापमान ठरावीक मर्यादेत राखतात, आणि त्या मर्यादेतच त्यांचं शरीर धड काम करतं. ऊन मिळालं नाही, तर त्यांच्या शरीरातलं सगळंच मंदावतं.

इग्वानाच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं आहे, कारण पानं पचवण्याचं काम तो एकटा करत नाही. त्याच्या मोठ्या आतड्यात कप्प्यांसारखे पडदे असतात आणि तिथे सूक्ष्मजीव पानांमधले तंतू आंबवतात. त्या आंबवण्यातून निघालेली आम्लं शोषून इग्वानाला त्याच्या ऊर्जेचा मोठा वाटा मिळतो. कॅथरिन ट्रॉयर यांनी १९८२ मध्ये दाखवून दिलं की नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं मोठ्या इग्वानांची विष्ठा खातात आणि तिच्यातून हे सूक्ष्मजीव आपल्या पोटात घेतात. पान खाऊन जगण्याची सोय इतकी त्या सूक्ष्मजीवांवर अवलंबून आहे. हे सूक्ष्मजीव उष्णतेत काम करतात. शरीर थंड पडलं की आंबवणं मंदावतं, पान आतड्यात पडून राहतं, आणि आधीचंच न पचल्यामुळे प्राणी पुढचं नाकारतो. त्याचं हे नाकारणं चूक नसतं. थंड पोटात अन्न भरणं त्याच्यासाठी धोक्याचं असतं, म्हणून शरीरच त्याला थांबवतं. चूल विझलेली असताना भांड्यात मीठ वाढवून भात शिजत नाही.

आता महाराष्ट्रातलं घर डोळ्यांपुढे आणा. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. उन्हाळ्यात अनेक घरांत एसी २४ अंशांवर चालू असतो आणि इग्वानाचा पिंजरा त्याच खोलीत असतो. या प्राण्याला दिवसा ऊन खायच्या जागी सुमारे ३५ ते ३८ अंश, पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला थोडी थंड जागा, आणि रात्रीही २४ अंशांच्या आसपास ऊब लागते. खोलीचं तापमान माणसाला सुखाचं वाटतं म्हणून इग्वानालाही पुरतं, असं नाही. पावसाळ्यात आणि थंडीत ‘अचानक खायचा बंद झाला’ ही तक्रार ऐकली की पहिला प्रश्न ऊब देणाऱ्या बास्किंग दिव्याखालच्या फांदीवर किती अंश आहेत, हाच असायला हवा. तो प्रश्न न विचारता पावडर सुचवणारा माणूस त्या प्राण्याच्या शरीराबद्दल काहीच विचारत नसतो.

यावर उत्तर येतं: पावडरमध्ये डी-३ म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व आहे ना, मग ऊन नसलं तरी चालेल. हा या वादातला सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात पोकळ मुद्दा आहे. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील (यूव्हीबी) किरणांनी कातडीत डी-३चा पूर्वरूप पदार्थ तयार होतो, उष्णतेने त्याचं डी-३ होतं, पुढे यकृत आणि मूत्रपिंडं त्याला वापरायोग्य रूप देतात. म्हणजे प्रकाश आणि ऊब दोन्ही लागतात. डेनिस ओनिंक्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगात हे तपासलं गेलं. काहींना तोंडावाटे डी-३ दिलं, काहींना यूव्हीबी प्रकाश. प्रकाशातल्या पिल्लांच्या रक्तातलं ‘डी’चं प्रमाण खाण्यातून डी-३ मिळालेल्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त भरलं. या सरड्यांच्या बाबतीत तरी पावडर प्रकाशाची जागा घेऊ शकली नाही.

त्याच्या आधी, २००९ मध्ये, पँथर कॅमेलिऑनवर झालेला एक अभ्यास तर आणखी बोलका आहे. ज्यांच्या आहारात डी-३ कमी होतं ते कॅमेलिऑन अतिनील प्रकाशात जास्त वेळ बसले. ज्यांच्या आहारात ते पुरेसं होतं ते कमी बसले. आपल्याला किती हवं याचा हिशेब सरडा स्वतः ठेवतो आणि अंगावर घेतलेल्या उन्हाने तो जुळवतो. पावडर तोंडात ओतली की हा हिशेब त्याच्या हातून जातो. प्रकाशातून बनणाऱ्या डी-३ला कातडीतच मर्यादा असते, कारण जास्तीचं प्रकाशानेच मोडतं. तोंडावाटे गेलेल्या डी-३ला तशी मर्यादा नसते.

‘आमच्याकडे खिडकीतून भरपूर ऊन येतं’ हे म्हणणंही इथेच निकालात काढतो. खिडकीची साधी काच यूव्हीबी किरण अडवते. काचेतून आलेलं ऊन ऊब देतं, पण डी-३ बनवत नाही. यूव्हीबी दिवे दिसायला वर्षानुवर्षं पेटत राहतात, पण त्यांतून निघणारे किरण घटत जातात. म्हणून प्रकारानुसार सहा महिने ते वर्षभरात ते बदलावे लागतात.

तिसरा मुद्दा निरुपद्रवीपणाचा. जास्तीचं बाहेर पडेल, हे पाण्यात विरघळणाऱ्या काही जीवनसत्त्वांबद्दल बव्हंशी खरं असेल. अ आणि ड जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात आणि शरीरात साठतात. ‘ड’ फाजील झालं तर कॅल्शियम हाडांऐवजी रक्तवाहिन्या, मूत्रपिंडं, हृदय अशा मऊ अवयवांत जमू लागतं. आणि ‘भूक गेली’ या तक्रारीमागे वयात आलेल्या इग्वानांत वारंवार निघणारं कारण मूत्रपिंडाच्या विकाराचं असतं. अनेक वर्षं कुत्र्या-मांजरांचं खाद्य किंवा इतर प्रथिनयुक्त पदार्थ खाऊ घातलेल्या इग्वानाची मूत्रपिंडं सुजतात. ती कटीच्या पोकळीत असल्यामुळे आतडं दाबतात. प्राणी शौच करत नाही, खात नाही, निपचित पडतो. त्याच्या रक्तात फॉस्फरस वाढलेलं असतं. अशा प्राण्याला कॅल्शियम आणि डी-३ची पावडर देणं म्हणजे अवयवांत कॅल्शियम साठण्याच्या प्रक्रियेला हातभार लावणं. म्हणजे ज्या लक्षणावर ही पावडर सुचवली जाते, त्याच लक्षणाच्या एका मोठ्या कारणात ती घातक ठरते. निरुपद्रवी म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

संसर्गाचं उदाहरण त्याहून डोळे उघडणारं आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात राहणाऱ्या डेझर्ट इग्वानावर मॅथ्यू क्लूगर आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात काम केलं. जिवाणूंचा संसर्ग झालेला सरडा नेहमीपेक्षा गरम जागा शोधतो आणि अशा रीतीने स्वतःला ‘ताप’ आणतो, हे त्यांना दिसलं. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असा ताप येऊ दिलेले सरडे जास्त संख्येने जगले. थंड ठेवलेले जास्त मेले. पुढे १९७८ च्या अभ्यासात दिसलं की आजारी सरड्याचं शरीर रक्तातलं लोह कमी करतं, कारण ते जिवाणूंना वाढायला लागतं. आणि अशा सरड्यांना वरून लोह दिलं तेव्हा त्यांचे मृत्यू वाढले. आजारात शरीर काही गोष्टी मुद्दाम कमी करतं. बाहेरून त्या भरणारा माणूस मदत करतोय असं समजतो आणि रोगाच्या बाजूने उभा राहतो. लोहयुक्त टॉनिक हातात घेण्याआधी हा प्रयोग आठवावा.

माणसांच्या किंवा मांजरांच्या भूक वाढवणाऱ्या औषधांबद्दल तर बोलायलाच नको. सरपटणाऱ्या प्राण्याच्या शरीरात औषध किती वेगाने उतरतं आणि बाहेर पडतं, हे त्याच्या शरीराच्या तापमानावर ठरतं. थंड इग्वानाला दिलेली मात्रा आणि उबदार इग्वानाला दिलेली तीच मात्रा यांचा परिणाम एकसारखा नसतो. मुलाच्या वजनावरून इग्वानाची मात्रा काढणं हा जिवाशी खेळ आहे.

चौथा मुद्दा स्वभावाचा: हा हट्टी आहे, चोखंदळ आहे, पावडरच्या वासाने त्याला गोडी लागेल. इग्वानाला चव कळते, रंग दिसतात, जास्वंदाचं फूल दिसलं की तो झेपावतो, हे खरं. पण जो प्राणी काल आवडीने खात होता आणि आज ताटाकडे बघतही नाही, त्याला चोखंदळ म्हणणं म्हणजे लक्षणाला स्वभावाचं नाव देऊन शोध थांबवणं आहे. मादी नराशिवायही अंडी धरते, आणि घालायच्या आधीचे काही आठवडे तिचं खाणं घटतं. पोटात जागाच उरलेली नसते. तिला मातीची मऊ, खोल जागा हवी असते. ती मिळाली नाही तर अंडी अडकतात आणि ते प्राणावर बेततं. प्रजननाच्या हंगामात नरही खाणं कमी करतो. तोंडात जखम किंवा पू असला तर चावताना दुखतं. जबडा मऊ पडला असेल तर पान तुटतच नाही. तो पान तोंडात धरून सोडून देतो आणि मालक म्हणतो, नखरे करतो. पिंजऱ्यात दुसरा दांडगा इग्वाना असेल तर कमजोर प्राणी खाण्याच्या आणि उन्हाच्या जागी जायलाच घाबरतो. समोरून सतत कुत्रा फिरत असेल, काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असेल, तरी तो खात नाही. यातल्या एकाही कारणाला पावडर लागू पडत नाही.

पाचवा मुद्दा अनुभवाचा: आम्ही दिली आणि तो खायला लागला. मी तो अनुभव खोटा म्हणत नाही; त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. याच काळात ढग हटून ऊन पडलं का? कात पूर्ण निघाली का? अंडी घातली गेली का? पावडर आणताना दिवाही नवा लावला का? पाण्याच्या टबमध्ये बसवलं का? सरड्याची भूक ऋतूप्रमाणे घटते आणि परत येते. तिच्या परतण्याचं श्रेय नेमकं त्या आठवड्यात दिलेल्या गोष्टीला जातं. जे खायला लागले त्यांची गोष्ट सांगितली जाते. जे पावडर खातखात गेले त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. म्हणून असा अनुभव पुरावा ठरत नाही.

शेवटचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि त्याला मान द्यायला हवा: सरपटणारे प्राणी पाहणारे पशुवैद्य मोठ्या शहरांबाहेर सहज मिळत नाहीत, तपासण्यांना पैसे लागतात, मग निदान पावडर तरी द्यावी. काहीजण कागदपत्रांच्या भीतीनेही डॉक्टरांकडे जात नाहीत. हिरवा इग्वाना साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी मालकावर बंधनकारक झाली, आणि २०२४ च्या नियमांनुसार ती सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची असते. नोंद करून घ्या, ती तुमच्या आणि प्राण्याच्याही हिताची आहे. पण पैशाच्या अडचणीवर पावडर हे उत्तर नाही, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्टी पावडरच्या डबीच्या आधी येतात. एक भरवशाचा थर्मामीटर डबीपेक्षा महाग नसतो. गच्चीवर सावलीसकट, देखरेखीखाली दिलेलं सकाळचं ऊन फुकट असतं. कोमट पाण्यात बसवणं फुकट असतं. परसातला शेवग्याचा पाला, जास्वंदाची पानं-फुलं, किसलेला लाल भोपळा, फरसबी हा आहार बाजारातल्या सप्लिमेंटपेक्षा जास्त काही देतो. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर असतं. पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल मात्र कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रोज पालक नको.

खूप दिवस उपाशी राहिलेल्या प्राण्याबाबत तर घाई आणखी महागात पडते. आधी त्याला ऊब आणि पाणी मिळालं पाहिजे, मग थोडं थोडं अन्न. शरीर कोरडं पडलेलं असताना पोटात एकदम पौष्टिक भुकटी कालवून ढकलली, तर रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडून प्राणी दगावू शकतो. पशुवैद्य नळीने आहार देतात तेव्हा हा क्रम पाळतात. घरी हा क्रम उलटा होतो: आधी पावडर, मग टॉनिक, मग तोंड उघडून जबरदस्ती, आणि सगळ्यात शेवटी दिवा तपासला जातो.

म्हणून पाळणाऱ्यांना माझं सांगणं सरळ आहे. इग्वाना खात नसेल तर आधी बास्किंग फांदीचं तापमान मोजा, रात्रीचंही मोजा. यूव्हीबी दिवा कधी बदलला ते बघा. पाणी द्या, कोमट पाण्यात बसवा. वजन करा आणि दर आठवड्याला लिहून ठेवा. शौच बघा, तोंडात बघा, मादी असेल तर अंड्यांचा विचार करा. ऊब आणि प्रकाश नीट असूनही खाणं परत येत नसेल, वजन घटत असेल, जबडा मऊ किंवा बोटं थरथरताना दिसत असतील, तर विष्ठेची तपासणी, रक्ततपासणी आणि एक्स-रे करणाऱ्या पशुवैद्याकडे जा. त्यांनी कमतरता दाखवली तर सप्लिमेंट द्या: कोणतं, किती आणि किती दिवस हे त्यांच्याकडून लिहून घेऊन. आणि विक्रेत्याने ‘भूक वाढवणारी’ म्हणून डबी पुढे केली, तर तिच्यावर डी-३चं आणि अ जीवनसत्त्वाचं प्रमाण लिहिलं आहे का, ते विचारा. लिहिलं नसेल तर ती विकत घेऊ नका. कारण कळण्याआधी दिलेली पावडर हा उपचार नसतो. उपचाराला लावलेला उशीर असतो.